टीसीएलचं पोतं कुठं ठेवायचं

गावात जिला टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर स्वतः जळत नाही. दुसऱ्याला जाळायला लागणारा ऑक्सिजन मात्र तिच्या पोटात असतो. डिझेल, ऑइल, रंग, बारदान यांच्याशी तिची गाठ पडली तर काडी न लावताही पेट घेऊ शकतो. युरियाशी मिसळली तर स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो, आणि आम्लाशी मिसळली तर थेट क्लोरीन वायू.

ताज्या साध्या टीसीएलमध्ये उपलब्ध क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला कामी येणारा, 33 टक्क्यांच्या आसपास; तिच्याच तीव्र प्रकारात, दाणेदार कॅल्शियम हायपोक्लोराइटमध्ये, 65 ते 70. साधी पावडर बहुधा हळूहळू मरते: क्लोरीन उडतो, ओल धरते, गोळे होतात. खरी भीती दाणेदार मालाची. तो विघटताना उष्णता सोडतो. थप्पी मोठी असेल तर ती उष्णता मध्येच कोंडते, विघटनाचा वेग वाढतो, आणि हे चक्र थांबत नाही. मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच पारा 42च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून वर. म्हणून पत्र्याची खोली नकोच.

स्लॅबची, कोरडी, समोरासमोर झरोके असलेली खोली निवडा. विटांवर शहाबादी फरशी टाकून पोती त्यावर ठेवा. लाकडी फळ्या किंवा कडबा नको. भिंतीपासून हातभर अंतर, थप्पी बुटकी. जनरेटर, फवारणीची औषधं, खत आणि फिनेल दुसऱ्या खोलीत. जुनं पोतं आधी वापरा.

माप प्लॅस्टिकचं, कोरडं आणि फक्त याच कामाचं. काल ऑइल मोजलेलं डबडं आज पावडरीत घालणं, ही नेहमीची चूक. हातमोजे, चष्मा हवाच. तोंडाला बांधलेला रुमाल क्लोरीन अडवत नाही. दाणेदार माल नेहमी पाण्यात टाकायचा, मालावर पाणी ओतायचं नाही.

सांडलेली पावडर भुशाने टिपू नका, पोत्यात परत भरू नका, उकिरड्यावर तर मुळीच नको. कोरड्या प्लॅस्टिकच्या सुपलीने उचलून उघड्यावर, भरपूर पाणी असलेल्या टबात थोडी थोडी विरघळवा.

आग लागलीच तर वाळूने ती गुदमरत नाही, कारण ऑक्सिजन आतूनच मिळतो. भिंतीवरचा कोरड्या पावडरचा सिलिंडरही वापरू नका. त्यात बहुधा अमोनियम फॉस्फेट असतं आणि अमोनियमचं टीसीएलशी जमत नाही. वारा जिकडून येतो त्या बाजूने, लांबून, पाण्याचा मोठा मारा हवा. तेवढं पाणी हाताशी नसेल तर माणसं दूर काढा आणि 101 लावा.