मॉडिफाय केलेल्या जुन्या इंजिनाचं आयडल बिघडलंय? या चुका टाळा

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला, कार्ब्युरेटर मोठा बसवला, एक्झॉस्ट मोकळा केला. गाडी वरच्या आरपीएमला मस्त ओढते, पण सिग्नलला उभी राहून आयडलवर, म्हणजे पेडल न दाबता चालू राहिली की थरथरते, आरपीएम वर-खाली होतो आणि मध्येच इंजिन बंद पडतं. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी स्लो स्पीड स्क्रूकडे जातो. खरा बिघाड तिथेच झाकला जातो.

स्लो स्पीड स्क्रू आवळत जाणं

कार्ब्युरेटरमध्ये आयडलला थ्रॉटलची पाकळी जवळजवळ बंद असते. पाकळीच्या कडेला एक अरुंद खाच असते, ट्रान्सफर स्लॉट. आयडलला ती पाकळीच्या खाली जेमतेम एखादा मिलिमीटर दिसायला हवी. आपण स्क्रू आवळत गेलो की पाकळी उघडते, खाच जास्त मोकळी होते आणि पेट्रोल तिथूनच यायला लागतं. मग मिक्श्चर स्क्रू पूर्ण आत फिरवला तरी इंजिनाला काही फरक पडत नाही. वर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते, कारण त्या क्षणी लागणारं पेट्रोल आधीच खर्च होत असतं. मोठ्या कॅमच्या इंजिनाला आयडलला जास्त हवा लागते हे खरं आहे. पण ती हवा देण्याआधी टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी किती आधी पडते ते, पाहायला हवं. टायमिंग नीट बसलं की तोच आरपीएम कमी उघडलेल्या थ्रॉटलवर मिळतो.

कंपनीचे आकडे धरून बसणं

मॅन्युअलमधलं टायमिंग मूळ कॅमसाठी असतं. ओव्हरलॅप जास्त असलेल्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. जळालेला वायू इनटेकमध्ये मागे येतो, नवं मिश्रण पातळ होतं आणि हळू जळतं. हळू जळणाऱ्या मिश्रणाला ठिणगी लवकर हवी. मूळ इंजिनाला इनिशियल (आयडलला बसवलेलं) टायमिंग 8 ते 10 डिग्री पुरत असेल, तर असा कॅम 14 ते 18 डिग्रीही मागू शकतो. मात्र इनिशियल वाढवलं की डिस्ट्रिब्युटरमधला, आरपीएमबरोबर ठिणगी आपोआप लवकर पाडणारा मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्स तेवढाच कमी करावा लागतो. नाहीतर वरच्या आरपीएमला एकूण टायमिंग मर्यादेबाहेर जाऊन इंजिन नॉक करतं (मिश्रण अवेळी पेटून ठोके पडतात), आणि नॉकिंगने पिस्टन फुटतात.

अ‍ॅडव्हान्सच्या स्प्रिंगा जरुरीपेक्षा हलक्या असतील तर आयडलच्या आसपासच टायमिंग पुढे-मागे सरकत राहतं. आरपीएम पडला की टायमिंग मागे येतं, त्यामुळे आरपीएम आणखी पडतो. हे वर-खाली होणं (हंटिंग) कार्ब्युरेटरमुळे होतंय असं समजून लोक जेट बदलत बसतात. टायमिंग लाइट लावून आयडलला खूण स्थिर आहे का एवढं पाहिलं तरी उलगडा होतो. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स असेल तर इनिशियल टायमिंग बघताना त्याचा पाइप काढून तोंड बंद करायला विसरू नका.

व्हॅक्यूम गेजशिवाय अंदाज बांधणं

व्हॅक्यूम गेज इनटेकमधली हवेची ओढ मोजतं. माझ्या मते आयडलच्या कामात त्याच्याइतकं बोलकं साधन दुसरं नाही. मूळ अवस्थेतलं निरोगी इंजिन आयडलला साधारण 17 ते 21 इंच पारा इतका व्हॅक्यूम देतं. मोठ्या कॅमवर तो 10 ते 14 पर्यंत उतरला तरी तो बिघाड धरू नये. सुई ठरावीक लयीत खाली आपटत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. सुई स्थिर पण कमी असेल तर मागे पडलेलं टायमिंग किंवा हवेची गळती तपासा. म्हणूनच कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळ सोडलेली फट) आणि कॉम्प्रेशन बघून घ्यावं. टॅपेट घट्ट बसल्याने व्हॉल्व्ह किंचित उघडा राहत असेल तर कुठलंही ट्यूनिंग उपयोगी पडणार नाही.

गळती शोधताना स्प्रे मारणं

इंजिन कुठूनतरी हवा ओढतंय, या निदानापर्यंत बरेच जण बरोबर पोहोचतात. पण गरम एक्झॉस्ट आणि उघड्या हाय टेन्शन वायरजवळ ज्वालाग्राही क्लीनर फवारणं म्हणजे आगीला बोलावणं. स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती पाहणं) करता आली तर ती उत्तम. नाहीतर एकेक रबरी होज चिमट्याने दाबून पाहा, ज्या होजला आयडल बदलेल तिथून पुढे शोधा. ब्रेक बूस्टरचा पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये सोडणारा), मॅनिफोल्डचं गास्केट, कार्ब्युरेटरखालचा अडॅप्टर या नेहमीच्या जागा. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटल शाफ्टची भोकं झिजून तिथूनही हवा जाते. शाफ्ट हाताने हलवून पाहिला की ढिलाई कळते, आणि नवं गास्केट घालून ती जात नाही.

पेट्रोलचा दाब आणि पॉवर व्हॉल्व्ह विसरणं

इलेक्ट्रिक पंप बसवला पण रेग्युलेटर नाही, तर नीडल व्हॉल्व्ह दाबापुढे हार मानतो आणि फ्लोट बाउल भरून वाहतं. होली कार्ब्युरेटर 5 ते 7 पीएसआय सहज झेलतो, वेबर साइड-ड्राफ्टला साधारण 3 पुरतात. होलीमध्ये आणखी एक गोष्ट बघावी लागते. त्यातला 6.5 चा पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागताना जादा पेट्रोल देणारा) व्हॅक्यूम 6.5 इंचांखाली गेला की उघडतो. कॅममुळे आयडलचा व्हॅक्यूमच त्याच्या जवळपास आला असेल तर व्हॉल्व्ह उभ्या गाडीतही उघडतो आणि प्लग काळे पडतात. आयडल व्हॅक्यूमच्या साधारण निम्म्या आकड्याचा व्हॉल्व्ह निवडावा. गाडी ऑटोमॅटिक असेल तर गिअर ड्राइव्हमध्ये टाकून, ब्रेक दाबून व्हॅक्यूम मोजावा.

फ्युएल इंजेक्शनमध्ये सेन्सरला दोष देणं

मोठ्या ओव्हरलॅपमुळे न जळलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये जातो. ऑक्सिजन सेन्सर त्याला 'लीन' (पेट्रोल कमी) समजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, उगाच पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तरी हेच होतं. सेन्सर बदलून पैसे घालवण्यापेक्षा आयडलपुरतं ओपन लूप, म्हणजे सेन्सरकडे न पाहता ठरलेलं पेट्रोल, ठेवणं बरं. मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या टर्बो गाडीत टर्बोचा दाब सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडत असेल तर ईसीयूने मोजलेली हवा सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. मग अ‍ॅक्सिलरेटर सोडताच मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होऊन गाडी बंद पडते. ती हवा सेन्सरनंतर, टर्बोच्या इनलेटमध्ये परत सोडावी लागते. इंजेक्टर मोठे घातले असतील तर त्यांचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यावर उघडायला लागणारा वेळ) ईसीयूत बरोबर भरा. आयडलला इंजेक्टर फार थोडा वेळ उघडतो, म्हणून तिथली छोटी चूकही जाणवते. फॅन सुरू होताच आयडल डगमगत असेल तर बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंग मोजा.

प्रत्येक तपासणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टायमिंग आणि मिक्श्चर एकत्र हलवले की कशाने फरक पडला ते कळत नाही. मोठा कॅम आणि हलकं फ्लायव्हील असेल तर 900 ते 1000 आरपीएमचं आयडल मान्य करा. त्याच्याकडून मूळ गाडीची 750 ची शांतता मागू नका. मात्र कमी व्हॅक्यूममुळे उभ्या गाडीत ब्रेक पेडल कडक होत असेल, तर व्हॅक्यूम टाकी किंवा व्हॅक्यूम पंप बसवल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढू नका.