आयटी सपोर्टच्या पहिल्या नोकरीसाठी प्रमाणपत्र कसे निवडावे

आयटी सपोर्टमध्ये पहिली नोकरी शोधणाऱ्याने प्रमाणपत्राची निवड क्लासच्या माहितीपत्रकावरून न करता नोकरीच्या जाहिरातींवरून करावी. कोठेही पैसे भरण्याआधी डेस्कटॉप सपोर्ट, सर्व्हिस डेस्क आणि फील्ड इंजिनिअर या पदांच्या कोल्हापूर व पुणे येथील वीस-पंचवीस जाहिराती वाचाव्यात. कोणते काम येणे अपेक्षित आहे आणि कोणत्या प्रमाणपत्राचे नाव वारंवार येते, हे वहीत उतरवून काढावे. या दोन शहरांतील मागणी वेगळी आहे, हे त्यातून लवकरच लक्षात येते.

कोल्हापुरात हे काम प्रामुख्याने शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींमधील कारखाने, सहकारी बँका व पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये आणि या सर्वांची वार्षिक देखभाल कंत्राटे घेणाऱ्या संगणक विक्रेत्यांकडे मिळते. तेथे सुरू न होणारा संगणक दुरुस्त करणे, नेटवर्कवरील प्रिंटर जोडणे, टॅलीचा डेटा सुरक्षितपणे दुसऱ्या संगणकावर नेणे, नेटवर्कच्या केबलला टोकाचा कनेक्टर बसवणे (क्रिम्पिंग) अशी कामे रोजची असतात. अशा ठिकाणी मुलाखत घेणारा बहुधा स्वतः या कामातला जाणकार असतो आणि कागदापेक्षा हाताची सवय पाहतो. पुण्यातील मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हिस डेस्कवर मात्र फोनवर इंग्रजीत बोलून अडचण समजून घेणे, टिकिट म्हणजे तक्रारीची नोंद करणे, पासवर्ड बदलून देणे आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतील खाती व संगणक एकत्र सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची प्रणाली) वापरकर्त्याचे खाते सांभाळणे यांना महत्त्व असते. शेकडो अर्जांतून पहिली चाळणी लावताना तेथे पदवी आणि नावाजलेले प्रमाणपत्र उपयोगी पडते.

या दुसऱ्या वाटेने जायचे असेल, तर कॉम्पटिया या आयटी प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थेचे ए प्लस हे पायाभूत प्रमाणपत्र सर्वांत आधी विचारात घ्यावे. त्यासाठी कोअर १ आणि कोअर २ अशा दोन परीक्षा उत्तीर्ण व्हाव्या लागतात व दोन्हींचे शुल्क स्वतंत्रपणे भरावे लागते. पहिलीत हार्डवेअर, मोबाइल उपकरणे, नेटवर्किंग आणि क्लाउडची तोंडओळख येते, तर दुसरीत ऑपरेटिंग सिस्टिम, सुरक्षा, सॉफ्टवेअरमधील बिघाड आणि कामाच्या पद्धती येतात. प्रत्येक परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न सोडवायचे असतात. ९०० च्या मापावर पहिलीसाठी ६७५ आणि दुसरीसाठी ७०० गुण लागतात. या परीक्षांची नवी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि जुनी आवृत्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंद झाली, म्हणून मित्राकडून मिळालेली जुनी पुस्तके वापरताना आवृत्तीचा क्रमांक अवश्य तपासावा. १२०१ आणि १२०२ हे क्रमांक नव्या आवृत्तीचे आहेत. अभ्यासक्रमाची तपशीलवार यादी कॉम्पटियाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. ती समोर ठेवून मुद्द्यामागून मुद्दा संपवणे हा अभ्यासाचा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे. प्रमाणपत्र ३ वर्षे वैध राहते, म्हणून नोकरीसाठी प्रत्यक्ष अर्ज करण्याच्या सुमारास ते हाती येईल असे नियोजन करावे.

एवढा खर्च झेपत नसेल, तर कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील गूगलचा आयटी सपोर्ट अभ्यासक्रम हा चांगला पर्याय आहे. तेथे आर्थिक साहाय्यासाठी अर्ज करता येतो. मात्र त्याकडे शिकण्याचे साधन म्हणून पाहावे. परीक्षा केंद्रात देखरेखीखाली दिलेल्या परीक्षेइतके त्याचे वजन मानले जात नाही.

सिस्को या नेटवर्क उपकरणांच्या कंपनीच्या सीसीएनए प्रमाणपत्राचे नाव आपल्याकडे फार घेतले जाते आणि अनेक क्लास बारावी झालेल्या मुलांना थेट त्याचीच दिशा दाखवतात. हे प्रमाणपत्र उत्तम आहे, परंतु ते नेटवर्कच्या कामासाठी आहे आणि त्याचे परीक्षाशुल्क करांशिवाय ३०० डॉलर आहे. सपोर्टची पहिली नोकरी मिळवण्यासाठी ते आवश्यक नाही. नोकरी लागल्यावर, शक्य झाल्यास कंपनीच्या खर्चाने करावे. आयटी सेवांच्या व्यवस्थापनावरील आयटिल फाउंडेशनबाबतही हेच म्हणता येईल. ४० प्रश्नांची ती परीक्षा अवघड नसली, तरी जाहिरातीत तिचा स्पष्ट उल्लेख असेल तरच तिच्यावर पैसे खर्च करावेत. एमएस-सीआयटी संगणक साक्षरतेसाठी आहे, सरकारी भरतीत त्याचा उपयोग होतो, पण ते सपोर्टच्या कामाची पात्रता सिद्ध करत नाही.

दहावीनंतर आयटीआयचा विचार करणाऱ्यांनी संगणक प्रणालीच्या देखभालीचा २ वर्षांचा ट्रेड आणि कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट) हा १ वर्षाचा ट्रेड यांतील फरक समजून घ्यावा. हार्डवेअर आणि नेटवर्कची आवड असेल, तर पहिला अधिक जवळचा आहे. पुढे शिकाऊ उमेदवारीही करता येते.

प्रवेश घेण्यापूर्वी क्लासचालकाला एक प्रश्न स्पष्टपणे विचारावा: शेवटी मिळणारे प्रमाणपत्र तुमच्या संस्थेचे असेल की परीक्षा घेणाऱ्या मूळ कंपनीचे? मूळ कंपनीच्या प्रमाणपत्राची सत्यता नोकरी देणाऱ्याला ऑनलाइन पडताळता येते. तसेच फुटलेल्या प्रश्नांचे संच वापरून उत्तीर्ण होण्याचा मार्ग कोणी सुचवला, तर तेथून निघून यावे. अशा साहित्याचा वापर उघड झाल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि पहिल्याच मुलाखतीत अज्ञान उघडे पडते ते वेगळेच.

प्रमाणपत्र कोणतेही घ्या, त्याच्या जोडीला सराव दाखवता आला पाहिजे. राजारामपुरीतील एखाद्या दुकानातून जुना डेस्कटॉप घेऊन तो पूर्ण सुटा करावा, जोडावा, त्यावर विंडोज नव्याने घालावे. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारे व्हर्च्युअलबॉक्स विनामूल्य आहे आणि विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस वापरता येते. एवढ्यावर घरच्या घरी अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी उभारून खाती तयार करणे, बंद झालेले खाते उघडणे, फोल्डरचे अधिकार ठरवणे शिकता येते. स्विच आणि राउटर विकत घेण्याची गरज नाही, कारण संगणकावरच नेटवर्क उभारून पाहण्याचे सिस्कोचे पॅकेट ट्रेसर मोफत मिळते. प्रत्येक वेळी कोणता बिघाड होता, काय तपासले आणि कशाने सुटला, याची थोडक्यात नोंद ठेवावी आणि त्यांतील दोन-तीन नोंदी अर्जात अनुभव म्हणून नव्हे, तर सराव म्हणून प्रामाणिकपणे लिहाव्यात.

परीक्षेची तारीख घेताना नोंदणीतील नाव ओळखपत्रावरील नावाशी तंतोतंत जुळते का, हे पाहावे. वडिलांचे नाव मध्ये लिहिण्याच्या आपल्या पद्धतीमुळे आणि इंग्रजी स्पेलिंगमधील फरकांमुळे येथे घोळ होतो, आणि नाव न जुळल्यास केंद्रावरून परत पाठवले जाऊ शकते. घरून ऑनलाइन परीक्षा देण्याचीही सोय आहे, पण शांत खोली, स्थिर इंटरनेट आणि खात्रीची वीज नसेल, तर केंद्रच निवडावे.