गरज की मागणी? ॲरिस्टॉटल वाचायला लागताना

एम.ए.ला ग्रीकांच्या वाट्याला जेमतेम दोन पानं होती: प्लेटोची श्रमविभागणी, ॲरिस्टॉटलचा व्याजाला विरोध, की पुढे थेट ॲडम स्मिथ. आर्थिक विचारांच्या इतिहासात संशोधन करायचं ठरवल्यावर मी आधी ग्रीकांवरची आधुनिक पुस्तकं वाचली आणि मूळ ग्रंथ नंतरसाठी ठेवले. तुम्ही याच्या उलट करा.

ॲरिस्टॉटलच्या 'निकोमाखियन एथिक्स' या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात, पाचव्या प्रकरणात पाच खाटा आणि एक घर यांचं मोल सारखं धरलं आहे. इतक्या वेगळ्या वस्तू एका मापाने मोजायच्या कशा? ॲरिस्टॉटल म्हणतो, खरं तर ते अशक्य आहे. पण 'ख्रेइया'च्या दृष्टीने पुरेसं जमतं. रॉस यांच्या इंग्रजी भाषांतरात इथे 'डिमांड' आहे. मी टिपणात 'मागणी' लिहिलं आणि त्या एका शब्दावर बाजारभावाच्या सिद्धान्ताची आठ पानं रचली. मार्गदर्शक बाईंनी ती वाचून एवढंच विचारलं, "मूळ शब्द पाहिलास का?" ख्रेइया म्हणजे गरज. चांभाराला घर हवं, घर बांधणाऱ्याला जोडे हवेत, आणि या गरजेनेच माणसं एकमेकांशी बांधलेली राहतात. मागणी-पुरवठ्याचा आलेख मीच तिथे नेऊन ठेवला होता. आठही पानं काढून टाकली.

याच खाटांपाशी मार्क्सही 'कॅपिटल'च्या पहिल्या खंडात थांबला. ग्रीक समाज गुलामांच्या श्रमावर उभा, म्हणून सगळे श्रम समान हे ॲरिस्टॉटलला दिसू शकलं नाही, असं त्याचं म्हणणं. आर्थिक विश्लेषणाचा इतिहास लिहिणाऱ्या शुम्पेटरला ॲरिस्टॉटलमध्ये विश्लेषण थोडंच सापडलं. प्राचीन इतिहासाचा अभ्यासक फिन्ली याने १९७० मध्ये तेही नाकारलं. १९९५ मध्ये स्कॉट मीकल यांनी मात्र त्यात विनिमयमूल्याचा (देवाणघेवाणीत वस्तूला येणाऱ्या मोलाचा) सुसंगत विचार दाखवला. परिच्छेद तोच! तो आधी स्वतः वाचला असेल तरच या भांडणात आपल्याला बाजू घेता येते. मला मीकल पटतात.

मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. 'इकॉनॉमिक्स' ज्या शब्दावरून आला, तो ग्रीक 'ओइकोनोमिया' म्हणजे घरकारभार. 'अर्थशास्त्र' म्हटलं की आपल्या मनात धन येतं, आणि धन मिळवण्याच्या कलेसाठी ॲरिस्टॉटलकडे निराळाच शब्द आहे, 'ख्रेमातिस्तिके'. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्या भागातली ८ ते ११ ही प्रकरणं या फरकावरच आहेत. व्याजाला ग्रीकमध्ये 'तोकोस' म्हणतात, म्हणजे अपत्य. पैशाच्या पोटी पैसा जन्मावा हे त्याला निसर्गाविरुद्ध वाटतं.

ग्रीक येत नाही म्हणून अडून राहू नका. लिपी आठवडाभरात येते. पर्सियस या मोफत डिजिटल ग्रंथालयात ग्रीक शब्दावर क्लिक केलं की अर्थ आणि व्याकरण समोर येतं. ख्रेइया, ओइकोस (घर), तोकोस, नोमिस्मा (नाणं) अशा वीसेक शब्दांची वही करा. संदर्भ देताना पान क्रमांकाऐवजी बेकर क्रमांक (बेकरच्या प्रमाण आवृत्तीतले पान-ओळ क्रमांक, जे बहुतेक आवृत्त्यांच्या समासात छापलेले असतात) द्या, म्हणजे कुठल्याही आवृत्तीत जागा सापडते. आणि फिन्ली वाचून झाल्यावर दुसरी बाजू म्हणून एडवर्ड कोहेन यांचं अथेन्सच्या बँकांवरचं १९९२ चं पुस्तक लगेच हातात घ्या; गुलामीतून सावकारीपर्यंत पोचलेला पासिऑन त्यात भेटतो.