पाचनईहून कोकणकडा: एका दिवसात, नीट आणि जपून

हरिश्चंद्रगडावर जायला बऱ्याच वाटा आहेत. खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी वाट लांब आणि दमवणारी. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट अनुभवी सोबत असल्याशिवाय करूच नये. पहिल्यांदा जाणाऱ्याने पाचनईची वाट धरावी. दोन-अडीच तासांत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी, तिथून अर्ध्या-पाऊण तासात कोकणकड्यावर, म्हणजे गड जिथे कोकणाकडे एकदम तुटतो तिथे. पण वाट सोपी म्हणून लोक आरामात निघतात आणि मग परतताना अंधारात अडकतात. म्हणून दिवसाचा हिशोब कड्यावरून निघायच्या वेळेपासून मागे मांडायचा.

कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्यास्त डोळ्यांचं पारणं फेडतो. तो पाहायचा असेल तर वरच मुक्काम ठरवा आणि मुक्कामाचे सध्याचे नियम गावात विचारून घ्या, कारण हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. त्याच दिवशी परतायचं असेल तर सकाळी 7 ला पाचनई सोडा आणि दुपारी 3 ला कडा. आम्ही एकदा 'अजून पाचच मिनिटं' करत सूर्य बुडेपर्यंत बसलो. पाच जणांत एक टॉर्च. ओढ्यापाशी वाट हरवली. गावातले एक मामा खाली निघाले होते, त्यांनी अक्षरशः हाताला धरून आणलं. तेव्हापासून माणशी एक हेडटॉर्च, भर दुपारी निघालो तरी.

पाचनईला मुंबईहून कसारा, घोटी, राजूर असं यायचं. पुण्याहून आळेफाटा, कोतूळमार्गे. चढायच्या आधीच एखाद्या घरी जेवण सांगून ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. भर पावसात गड देखणा असतो, पण ओढे फुगतात आणि कातळावर शेवाळं धरतं. पाणी माणशी तीन लिटर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, चांगल्या पकडीचे बूट.

गाव सुटलं की झाडीतली चढण लागते. पहिला अर्धा तास मुद्दाम सावकाश चाला, दम इथेच लागतो. मग वाट एका प्रचंड कातळभिंतीच्या पोटातून आडवी जाते: एका हाताला कातळ, दुसरीकडे दरी. थरार आहे तो याच टप्प्यात. कातळाच्या बाजूने, एकामागे एक चाला, फोटोसाठी मध्येच थांबू नका. पावसाळ्यात वरून पाणी अंगावर पडतं आणि पायाखाली निसरडं होतं. हा टप्पा संपला की ओढ्याच्या सोबतीने वाट जवळजवळ सपाट होते.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी तासभर द्या. जवळच केदारेश्वराची गुहा आहे. कमरेएवढ्या गार पाण्यात भलंमोठं शिवलिंग, भोवती चार खांबांपैकी एकच शाबूत.

इथून पश्चिमेला कारवीच्या रानातून कड्याची वाट जाते. ही कारवी सात वर्षांतून एकदा फुलते; फुललेली सापडली तर नशीबच. धुकं असेल तर मात्र माहीतगार माणसाशिवाय पुढे जाऊ नका. रान संपतं, कातळाचं पठार येतं आणि ते एकाएकी तुटतं. धुक्यात ती कड जवळ येईपर्यंत दिसतच नाही.

कडेजवळ जायची एक रीत आहे. पाच-सहा पावलं अलीकडेच सॅक उतरवा, टोपी-गॉगल काढून ठेवा. खाली बसा, मग पोटावर झोपून सरपटत पुढे जा आणि फक्त डोकं बाहेर काढा. मागच्याने पाय धरायचे. रेलिंग असेल तिथे ते ओलांडू नका. कडा सरळ नाही, आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. त्यामुळे पायाखालचा खडक दिसतच नाही, थेट खालची कोकणातली झाडी दिसते. कोकणातून येणारा वारा या वाटीत शिरतो आणि वर उसळतो. छातीखाली तापलेला दगड आणि तोंडावर खालून येणारा गार झोत, दोन्ही एकाच वेळी! हातातून सुटलेलं गवताचं पान खाली न जाता डोक्यावरून मागे उडालेलं मी पाहिलंय. पावसाळ्यात इथलं पाणीही असंच उलटं उडतं.

इंद्रवज्र म्हणतात ते गोल इंद्रधनुष्यही इथलंच. त्यासाठी ऊन पाठीमागून आणि समोर दरीत ढग असावे लागतात, म्हणजे सकाळची वेळ आणि धुक्याचे दिवस. मग ढगावर पडलेल्या आपल्याच सावलीभोवती रंगीत कडं उमटतं. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने ते इथे पाहिल्याची नोंद सांगितली जाते. त्यासाठीही आदल्या रात्री वर असायला हवं.

कड्यावर धूर करू नका, कपाऱ्यांत मधमाश्या असतात. दगड तर चुकूनही ढकलू नका; खाली बेलपाडा गाव आहे आणि नळीच्या वाटेने माणसं चढत असतात.

उतरताना गुडघे वाकवून छोटी पावलं टाका, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या माती-खड्यांच्या उतारावर, टाच रोवून. गावात पोहोचलात की सकाळी जेवण सांगितलेल्या घरी आधी हाक द्या, कारण भाकरी तुम्ही आल्यावरच थापायला घेतात.