रस्त्यात कोणी पडलेले दिसले तर बघ्यांतून बाहेर कसे यावे

गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील रस्त्यांवर अंधारात उसाच्या ट्रॉल्या अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. मागे दिवा नसतो आणि रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला असतो. काही वर्षांपूर्वी केजहून अंबाजोगाईकडे येताना अशाच एका उभ्या ट्रॉलीला मागून धडकलेला मोटारसायकलस्वार मी पाहिला. तो कुशीवर पडला होता, एक पाय गाडीखाली होता आणि त्याच्याभोवती पंधरा-वीस माणसे हाताची घडी घालून किंवा मोबाइलचा उजेड पाडून उभी होती. त्या घोळक्यात दोन-तीन मिनिटे मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

कोंडी फोडली ती शेजारच्या चहाच्या टपरीवरच्या मावशींनी. माझ्याकडे बोट करून त्या म्हणाल्या, “ओ चष्मेवाले, तुम्ही एकशे आठला फोन लावा. अन् तू रे लाल शर्टवाल्या, तिकडून येणाऱ्या गाड्या थांबीव.” त्यासरशी सगळा घोळका हलला. एकाने गाडी उचलली, दुसऱ्याने रुमाल काढून जखमेवर दाबला आणि कोणीतरी ट्रॅक्टरवाल्याला इंडिकेटर लावायला लावला. मिनिटभरापूर्वी पुतळ्यासारखी उभी असलेली तीच ही माणसे होती. त्यामुळे “माणुसकी संपली” हे ठरलेले वाक्य मला पटत नाही. मदत अडते ती बहुधा पहिल्या पावलापाशी, आणि ते पाऊल शिकता येते.

माणसे नेमकी कुठे अडतात

या विषयाचा अभ्यास सुरू झाला तो १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेल्या किटी जिनोव्हीज या तरुणीच्या खुनापासून. अडतीस शेजाऱ्यांनी तो खून पाहिला आणि कोणीही हालचाल केली नाही, अशी बातमी तेव्हा जगभर गेली. ती बरीच अतिरंजित होती, हे पुढे खुद्द ती छापणाऱ्या वृत्तपत्रानेही मान्य केले. परंतु त्या बातमीमुळे जॉन डार्ली आणि बिब लॅटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग केला. वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून बोलणाऱ्या विद्यार्थ्यांना, आपल्यातील एकाला फिट आली आहे, असे ऐकू येईल अशी व्यवस्था त्यांनी केली. हे फक्त आपल्यालाच ऐकू येते आहे असे ज्यांना वाटले, त्यांच्यातील ८५ टक्के जण फिट संपण्याआधी मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटले, त्यांच्यातील ३१ टक्केच उठले. न उठलेले बेफिकीर मुळीच नव्हते. अनेकांचे हात थरथरत होते, घाम फुटला होता, पण “दुसरा कोणीतरी गेला असेल” या विचारापाशी ते अडकले होते. जबाबदारी पाच जणांत वाटली गेली की तिचा बारभाई कारभार होतो आणि कोणाच्याच वाट्याला काही येत नाही.

दुसरी अडचण चेहऱ्यांची असते. प्रसंग गंभीर आहे की नाही, हे आपण आजूबाजूच्यांच्या चेहऱ्यांवरून ठरवतो, आणि आजूबाजूचे तेच आपल्या चेहऱ्यावरून ठरवत असतात. सगळेच शांत दिसण्याची काळजी घेत असल्यामुळे बसस्थानकावर आडवा झालेला माणूस “पिलेला असंल” या एका वाक्यात निकालात निघतो. साखर एकदम कमी झाली किंवा डोक्याला मार लागला, तर माणूस दारू प्यायल्यासारखाच बरळतो आणि लडखडतो. म्हणून जवळ गेल्याशिवाय हा निष्कर्ष काढूच नये. प्यायलेला असला, तरी ओकारी श्वासनलिकेत जाऊन तो दगावू शकतो.

तिसरी गोष्ट घाईची. १९७३ साली अमेरिकेत धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या ४० विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता. ज्यांना भरपूर वेळ होता त्यांच्यातील ६३ टक्के थांबले, आणि “तुम्हाला उशीर झाला आहे” असे ज्यांना सांगितले होते त्यांच्यातील केवळ १० टक्के. त्यांच्यातील काही जण तर संकटातील वाटसरूला मदत करण्याच्या बायबलमधील दाखल्यावरच बोलायला निघाले होते! शेवटची एसटी गाठायला निघालेल्या माणसाला कोणी नावे ठेवू लागले, की मला हा प्रयोग आठवतो.

मात्र गर्दी म्हणजे निष्क्रियताच, असेही समजू नये. ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतील रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचे कॅमेऱ्यांतील चित्रण तपासणारा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील दहापैकी नऊ प्रसंगांत बघ्यांपैकी निदान एक तरी जण मध्ये पडला होता, आणि माणसे जितकी जास्त, तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी, सास्तूर परिसरात भूकंप झाला, तेव्हा सरकारी यंत्रणा पोहोचण्याआधी वाचलेल्यांनी आणि शेजारच्या गावांतील लोकांनीच हातांनी दगड-माती उपसली. तिथे संकट आहे की नाही, हे चेहऱ्यांवरून ताडत बसण्याची वेळच नव्हती.

पहिले मिनिट

घोळक्यात शिरताच मोठ्याने दोन वाक्ये बोलावीत: “काय झालंय? एकशे आठला कोणी फोन लावलाय का?” दुसऱ्या वाक्याला उत्तर मिळाले नाही, तर फोन लागलेला नाही असे समजावे. “कोणीतरी फोन करा” असे मात्र कधीही म्हणू नये, कारण “कोणीतरी” नावाचा माणूस तिथे नसतो. शर्टाचा रंग, टोपी, हातातली पिशवी यांपैकी काहीही धरून एकेकाला काम सांगावे, आणि काम झाल्यावर परत येऊन सांगायलाही बजावावे. गावात असाल तर थेट नावाने हाक मारावी. आपण स्वतःच पडलो असू आणि शुद्धीवर असू, तरीही हाच नियम चालतो: सगळ्या गर्दीकडे याचना न करता एकाच माणसाच्या डोळ्यांत पाहून त्याच्याकडे मदत मागावी.

फोनवर प्रथम ठिकाण सांगावे. “केज रोडला” एवढे पुरत नाही. कोणत्या गावाच्या अलीकडे किंवा पलीकडे, कितव्या किलोमीटरच्या दगडाजवळ, कोणत्या पेट्रोल पंपासमोर, अशी खूण द्यावी. पोलीस, अग्निशामक दल आणि इतर मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

उडी घेऊ नये असे प्रसंग

मदतीचा उत्साह जीवघेणा ठरतो तो विहिरीत. उन्हाळ्यात गाळ काढायला एक जण उतरतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, त्याच्यामागे शेजारी, आणि एकाच घरासमोर दोन-तीन तिरड्या बांधाव्या लागतात. बंद पडलेल्या विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असतो, आणि आत डिझेल इंजिन चालवले असेल तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड साठलेला असतो. कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत अपुरी आहे. कंदील विझला तर उतरू नये हे खरे, पण विझला नाही म्हणून हवा चांगली आहे असे ठरत नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडने ज्योत विझत नाही. अशा वेळी वर राहून ११२ वर फोन करावा आणि आतला शुद्धीवर असेल तर दोर सोडून त्याला कमरेला बांधायला सांगावे. उतरू पाहणाऱ्या नातेवाइकाला मिठी मारून अडवावे लागले तर तेही करावे, आणि पुढे शिव्या खाव्या लागल्या तर खाव्यात.

शेततळ्यात किंवा नदीच्या पुरात बुडणाऱ्याकडे दोर, फेटा, साडी, हवाबंद रिकामा कॅन यांपैकी जे हाती लागेल ते फेकावे. पट्टीचे पोहणारे नसाल तर पाण्यात शिरू नये. पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरला चिकटलेल्या माणसाला हात लावण्याआधी मेन स्विच पाडावा, आणि तुटून पडलेल्या विजेच्या तारेपासून दूर राहून महावितरणला कळवावे. रस्त्यावर आपली गाडी इंडिकेटर लावून अपघाताच्या बरीच अलीकडे उभी करावी, म्हणजे मागून येणारा दुसरा ट्रक मदत करणाऱ्यांवर चढणार नाही.

हाताने काय करावे

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि पुन्हा पुन्हा उचलून पाहू नये. शरीरात घुसलेली सळई किंवा काच ओढून काढू नये. मान आणि पाठ वाकवून रिक्षात कोंबू नये. बेशुद्ध माणसाला पाणी पाजू नये, ते फुप्फुसात जाते. हे शेवटचे सांगताना सर्वांत जास्त विरोध होतो, कारण तांब्या घेऊन कोणीतरी धावत आलेलेच असते. त्या तांब्याने जखमीच्या जवळ बसलेल्या नातेवाइकाला पाणी द्यावे.

फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल किंवा कांदा लावण्याची पद्धत अजूनही पाहायला मिळते. चप्पल लावल्यानंतर फिट थांबते हे खरे, पण बहुतेक फिट काही मिनिटांत आपोआपच थांबतात, त्यात चपलेचे काही कर्तृत्व नसते. त्याला कुशीवर वळवावे, डोक्याखाली उपरणे घालावे, तोंडात चमचा घालू नये आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांपुढे फिट चालू राहिली, तर एक क्षणही न दवडता दवाखान्यात हलवावे. श्वास थांबलेला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. हे मात्र वाचून येत नाही, कोणाकडून तरी एकदा करून शिकावे.

पोलिसांचे लचांड

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये” ही म्हण आपल्या अंगात इतकी मुरली आहे, की जखमीला गाडीत घालण्याआधी आपल्याला पंचनामा, साक्ष आणि तारखा दिसू लागतात. ही भीती खोटी नव्हती, लोकांनी ती भोगलेली आहे. पण कायदा बदलला आहे, आणि गावोगाव हे पोहोचलेले नाही, हेच खरे दुखणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या सूचनांना बंधनकारक रूप दिले. त्यानंतर मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे नियमही झाले.

यानुसार, अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करताना काही चुकले आणि तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याने नाव, पत्ता किंवा फोन क्रमांक द्यावाच अशी सक्ती पोलिसांना किंवा दवाखान्याला करता येत नाही. स्वखुशीने साक्षीदार होणार असाल, तर तुमच्या घरी किंवा तुमच्या सोयीच्या ठिकाणी, आणि शक्यतो एकाच वेळी जबाब घेतला जावा, असा नियम आहे. जखमी तुमचा नातेवाईक नसेल, तर भरतीचे पैसे तुमच्याकडून मागता येत नाहीत. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही लागू झाली आहे. कोणी अडवलेच, तर वाद न घालता “मी फक्त आणून सोडलंय, एकशे चौतीस-अ बघा” एवढे शांतपणे म्हणावे. कलमाचा आकडा तोंडपाठ असलेल्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

“कोणाचा हाय?”

आपल्याकडे पडलेल्या माणसाजवळ पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, आणि त्यात गाव, भावकी, जात असे सगळे आलेले असते. ओळखीचा निघाला तर चार गाड्या उभ्या राहतात. कामासाठी आलेला परगावचा मजूर किंवा ऊसतोडीला निघालेल्या टोळीतील बाई असेल तर माणसे मागे सरकतात. हे आपलेच वैगुण्य आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका फुटबॉल संघाच्या चाहत्यांनी पडलेल्या माणसाच्या अंगावर आपल्या संघाचा शर्ट असताना मदत केली आणि प्रतिस्पर्धी संघाचा शर्ट पाहून बहुतेक जण पुढे गेले. मात्र “आपण सगळे फुटबॉलप्रेमी” अशी आधी आठवण करून दिलेल्यांनी दोन्ही शर्टांना मदत केली. यातून व्यवहारात उपयोगी पडेल असे एक वाक्य मला मिळाले. कोणी “कोणाचा हाय?” विचारले की “अहो, रस्त्यानं जाणाराच हाय, आपल्यासारखा” असे उत्तर द्यायचे.

एसटीत एखाद्या मुलीला कोणी त्रास देत असेल, तर त्या माणसाशी भिडण्याआधी मुलीशी बोलावे. “बाई, तू अमक्याची ना? इकडं ये, इथं जागा हाय,” असे मोठ्याने म्हटले की ती एकटी राहत नाही आणि छेडणाऱ्याचा आडोसा जातो. ओळख खोटी असली तरी चालते. नंतर कंडक्टरला सांगावे आणि गाडी पोलीस ठाण्याकडे घ्यायची की नाही, हे त्या मुलीला विचारून ठरवावे.

जखमी रुग्णवाहिकेत गेल्यावर त्याचे पैसे, पाकीट आणि मोबाइल दोघांच्या समोर मोजून दवाखान्यात किंवा पोलिसांकडे द्यावेत. एकट्याने खिशात हात घालू नये. मोबाइल कुलूपबंद असतो, तेव्हा तो वाजण्याची वाट पाहावी लागते. त्या रात्री तो वाजला तेव्हा पडद्यावर “आई” असे नाव होते, आणि घोळक्यातील कोणीच तो उचलायला तयार होईना. शेवटी मावशींनीच हात पुसून उचलला. “बाई, तुमच्या लेकाला लागलंय, बोलतोय, अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलंय. एकट्या निघू नका, कोणाला तरी संगं घ्या, अन् गाडी जोरात चालवू देऊ नका.”