कंबरेतून पोटरीत जाणारी कळ (सायटिका): मायले कशानं आराम पडला

कापूस वेचता वेचता मायच्या कंबरेतून कळ निघायची ते कुल्ल्यातून थेट पोटरीपर्यंत, रात्री कूस बदलणंही मुश्किल. पेनकिलर, बाम, शेक सगळं झालं, आराम तेवढ्यापुरताच. पाहून जीव तुटत होता.

आधी हाडाच्या डॉक्टरनं तपासून सायटिका सांगितली, मग रजिस्ट्रेशन असलेला ॲक्युपंक्चरवाला, म्हणजे बारीक सुया टोचून उपचार करणारा, शोधला (महाराष्ट्रात यासाठी २०१५ चा कायदा आहे, रजिस्ट्रेशन विचाराच). पालथं झोपवून, स्पिरिटनं पुसून, सुया अशा लावल्या: पहिले कंबरेत मणक्याच्या दोन्ही बाजूनं, मग कुल्ल्यावर, मग गुडघ्यामागच्या घडीत बरोबर मधोमध, शेवटी घोट्याच्या बाहेरच्या हाडामागं. सुई केसासारखी बारीक, टोचलेलं कळतही नाही, पण आत जड अन् ओढल्यासारखं होते, तसं झालं की सुई बरोबर लागली म्हणतात. वीसेक मिनिटं ठेवून काढल्या. पाकीट दरवेळी नवीन, आपल्यासमोर फोडलेलं.

दर आठवड्याले नेलं, कळ आधी पोटरीतून गेली, मग मांडीतून. आता वेचणीले जाते, फक्त ओटी अर्धी भरली की रिकामी करते, कंबरेवर वजन नको.

रक्त पातळ करायची गोळी चालू असन तर आधी सांगा. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मात्र सुया नाही, सरळ मोठा दवाखाना.