नॅरो गेज मॉडेलसाठी मासिक निवडताना या चुका टाळा

बार्शी लाईट या जुन्या रेल्वेचं किंवा माथेरानच्या गाडीचं मॉडेल करायचं मनात आलं की पहिली धाव मासिकांकडे जाते. मुखपृष्ठावर धुकं, लाकडी पूल, वळणावर वाफ सोडणारं इंजिन. वर्षाची वर्गणी भरली जाते आणि सहा महिन्यांनी टेबलावर एकही रूळ नसतो. मासिक चांगलंच असतं, पण आपल्या गाडीच्या कामाचं नसतं.

सगळी नॅरो गेज, म्हणजे अरुंद रुळांची रेल्वे, सारखीच, असं धरून चालणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. माथेरानच्या रुळांमधलं अंतर ६१० मिमी, म्हणजे दोन फूट. बार्शी लाईटचं ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. या सहा इंचांवरच मासिक ठरतं. हिशेब सोपा आहे: खऱ्या अंतराला मॉडेलच्या प्रमाणाने भागायचं. १:८७ च्या मॉडेलसाठी ७६२ भागिले ८७ केलं की पावणेनऊ मिमी येतात, म्हणजे तयार मिळणारा ९ मिमीचा रूळ जवळपास अचूक बसतो. प्रमाण आणि रूळ यांच्या या जोडीला एचओई म्हणतात. ऑस्ट्रियातल्या ७६० मिमीच्या गाड्यांसाठी तिकडे हेच वापरतात. १:४८ ने भागलं तर सोळाच्या आसपास येतं, तिथे अमेरिकेतले ऑन-थर्टी नावाच्या जोडीवाले १६.५ मिमीचा रूळ घेतात. माथेरानचं उत्तर १:७६ ला ८ मिमी येतं. ब्रिटनमधले डबल-ओ-नाइन (००९) या जोडीवाले त्यासाठी ९ मिमीचाच रूळ वापरतात आणि तेवढी तडजोड डोळ्यांना खुपत नाही.

म्हणून माथेरान करणाऱ्याने आधी डबल-ओ-नाइन सोसायटीचं '००९ न्यूज' बघावं. ही संस्था १९७३ पासून याच प्रमाणावर काम करते आहे. बार्शीवाल्याला ब्रिटनबाहेरच्या रेल्वेंवरचं 'काँटिनेंटल मॉडेलर' जास्त उपयोगी पडेल. पण त्याने बाकीची ब्रिटिश मासिकं सरसकट बाजूला ठेवू नयेत. बार्शी लाईट १८९७ मध्ये सुरू करणारे अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच पुढे इंग्लंडमध्ये, स्टॅफर्डशायरला, लीक अँड मॅनिफोल्ड ही लाईन उभी केली. तीही अडीच फुटी. ती १९०४ ते १९३४ एवढीच चालली, तरी तिथल्या मॉडेलकारांची ती लाडकी आहे आणि तिच्यावर लिहिलेलं बरंच सापडतं. प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हा कॅलथ्रॉप यांचा बार्शीतला आग्रह. म्हणून तिथे हलके रूळ आणि बोगीच्या, म्हणजे दोन्ही टोकांना फिरत्या चाकगाड्या असलेल्या, लांब वाघिणी (मालडबे). वेल्समधल्या पाटीदगडाच्या खाणींतल्या चिमुकल्या चारचाकी वाघिणी कितीही गोंडस दिसल्या तरी बार्शी लाईटवरच्या कुर्डुवाडीच्या यार्डात त्या परक्याच वाटतात.

दुसरी चूक, तिकडचा निसर्ग जसाच्या तसा उचलणं. अमेरिकेचं 'नॅरो गेज अँड शॉर्ट लाइन गॅझेट' १९७५ पासून निघतं. जुनं लाकूड कसं रंगवावं, पडकी शेड शून्यातून कशी उभारावी हे त्यातून जरूर शिका. पण कोलोरॅडोची करडी माती आणि सूचिपर्णी झाडं नेरळच्या घाटात नकोत. माथेरानची माती तांबडी, जांभ्या दगडाची. मूठभर माती उन्हात वाळवून चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, असा रंग कुठल्याच बाटलीत मिळत नाही. मात्र या मातीत लोह असतं. रुळाजवळ पसरण्यापूर्वी ती कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवा, चिकटलेले कण टाकून द्या. राहिले तर ते थेट इंजिनाच्या मोटरमध्ये जातात आणि चालू गाडी अचानक कुरकुरायला लागते.

डिजिटल अंकाचा एक त्रास मी स्वतः भोगला आहे. आराखडा छापला, त्यावरून वाघिणीच्या बाजू कापल्या, आणि त्या बोगीवर आखूड पडल्या. छापताना 'फिट टू पेज' चालू राहिलं होतं. आराखड्याखालची ५० मिमीची पट्टी मोजली तर ४७ भरली. दोन संध्याकाळी वाया गेल्या. तेव्हापासून कातर हातात घेण्याआधी पट्टी मोजतो. पट्टीच छापलेली नसेल तर चाकाच्या व्यासासारखं एखादं माहीत असलेलं माप ताडून बघतो. आराखडा दुसऱ्या प्रमाणातला असेल तर टक्केवारी काढून ठेवा: ७ मिमी प्रमाणाचा (खऱ्या एका फुटाला मॉडेलवर ७ मिमी) ४ मिमीवर आणायला ५७ टक्के, १:८७ चा १:७६ वर न्यायला ११४ टक्के.

'नॅरो गेज वर्ल्ड'चा भर खऱ्या रेल्वेंवर असतो. मॉडेल बांधायची पद्धत शोधायला ते घेतलं तर निराशा होईल. इंजिनाची काजळी कुठे साचते, फलाटाची कड कशी झिजते हे बघायला मात्र ते उत्तम.

वर्गणीआधी एक सुटा अंक घ्या आणि आपल्या गेजची पानं मोजा. तीन-चारच निघाली तर वर्गणीऐवजी जुने अंक शोधा. त्यांतल्या जाहिरातींमधली दुकानं बंद झालेली असतील, पण वाघिणीचा आराखडा चाळीस वर्षांनीही तेवढाच कामाचा असतो.